गळ्यातली पूर्ती

गोदाताईंनी चरण अर्धा सोडला आणि तो पुरा झाला त्यांच्याच गळ्यातून.

मागे टाळकऱ्यांच्या दोन्ही रांगा नुसत्याच तोंड उघडून उभ्या राहिल्या. कीर्तनाची रीत अशी की, विषय मांडता मांडता कीर्तनकारानं संतांचं एखादं वचन काढावं, त्याचे पहिले दोन-चार शब्द म्हणावेत आणि थांबावं. मग मागच्यांनी ते उचलायचं, पुरं करायचं, टाळ वाजवायचे, मृदंगानं उसळी घ्यायची. तेवढ्यात कीर्तनकार घाम पुसतो, पुढचं मनाशी जुळवतो. मंडपाच्या टोकाला खांबाला टेकून बसलेली एखादी म्हातारी ओठातल्या ओठात तेच वचन म्हणते, आणि त्या घडीला कीर्तन तिचंही होऊन जातं. ते थांबणं रिकामं नसतं. ती जागा दुसऱ्यासाठी राखलेली असते.

पण गोदाताईंच्या गळ्यात तुळशीच्या माळेशेजारी बसवलेल्या बटणाएवढ्या पेटीला हे कुठून कळणार? ताई थांबल्या की ती पुढचं म्हणून मोकळी. एकदा झालं, दोनदा झालं. मग टाळकरी हात आवरून घ्यायला शिकले. मृदंगावर सखाहरीअण्णांचा उजवा हात थाप द्यायला उचलला जायचा आणि तसाच खाली यायचा.

कीर्तन संपल्यावर लोक पाया पडायला आले.

"ताई, काय तो ओघ! आजाराच्या आधीसुद्धा एवढा नव्हता. कुठं म्हणून अडखळला नाहीत."

अण्णा बाजूला बसून मृदंगाला गवसणी चढवत होते. ते ताईंचे यजमान. लग्न झाल्यापासून ताईंच्या मागे मृदंग त्यांचाच. ताईंचा श्वास कुठं संपतो आणि बोल कुठं सुरू होतो, हे त्यांच्या बोटांना ठाऊक.

घरी जाताना जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, "आज मला काय कामच नव्हतं बघ."

ताई उत्तर शोधत होत्या. पेटी बोलली, "तुम्ही होता म्हणून तर कीर्तन रंगलं."

अण्णांनी मान वळवून बाहेरच्या उसाकडं पाहिलं.

*

ताईंना झटका आला तेव्हा डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं होतं. धरणावर वीज तयार होते आहे, घरातले दिवेही शाबूत आहेत, मधली तार तेवढी तुटली आहे. शब्द मेंदूत नीट तयार होत. ओठ, जीभ, घसा यांच्यापर्यंत निरोप जात नव्हता. उजवा हातही दुबळा झाला. जिचं बोलणं ऐकायला चार तालुक्यांतून माणसं यायची, ती बाई पाटीवर डाव्या हातानं 'पाणी' असं वेडंवाकडं लिहू लागली.

मग नाशिकच्या इस्पितळात त्यांना 'वाचासेतू' बसवला. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशी तारांची एक जाळी. मेंदूच्या ज्या भागात ओठ-जिभेच्या हालचाली ठरतात, त्यावर ती अंथरायची. माणूस मनात 'आई' म्हणायला गेला की तिथल्या पेशी ठरावीक तऱ्हेनं चमकतात. जाळी ती चमक टिपते, कानामागची चिप तिचं ध्वनीत रूपांतर करते आणि गळ्यातल्या पेटीतून आवाज येतो. आवाजही ताईंचाच. त्यांच्या जुन्या कीर्तनांच्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेला, वरच्या पट्टीत किंचित चिरणारा.

नवा फोन घेतला की आपण न मागितलेली चार ॲप त्यात आधीच ठाण मांडून बसलेली असतात. तसंच इथंही होतं. हवामान सांगणारं एक होतं, सणासुदीला सगळ्यांना शुभेच्छा देणारं एक होतं. ती मुलीनं, कोमलनं, पहिल्याच दिवशी फोनवरून काढून टाकली. 'पूर्ती' मात्र निघेना. तिच्या पानावर तीनच खुणा होत्या: कमी, मध्यम, जास्त. 'बंद' नव्हतीच. 'कमी' करून ठेवलं तरी नवं अपडेट आलं की बाई पुन्हा 'जास्त'वर जाऊन बसायच्या.

पूर्तीचं काम नावाप्रमाणंच. अडकलेल्या माणसाचं वाक्य पुरं करायचं. सुरुवातीला सगळ्यांना तिचं कोण कौतुक! बँकेचा फोन आला, ताईंनी 'माझं खातं' एवढं मनात आणलं की बाकीचं पूर्ती सफाईनं बोलायची. दूधवाला, भाजीवाली, पाहुणेरावळे, सगळ्यांशी बोलणं पाण्यासारखं. एकदा तर विम्याचा एजंट भर दुपारी दारात उभा राहिला. ताईंच्या मनात आलं, आज भाकरी मोजक्याच टाकल्यात, हा बसतो की काय. आणि पेटी म्हणाली, "या, या. आता जेवूनच जा."

तो जेवला. पोटभर जेवला. कोमल हसून हसून बेजार.

"आई, यंत्राला नावं ठेवू नकोस. आयुष्यभर येईल त्याला जेव म्हणत आलीस, तेच शिकलंय ते."

ताईही हसल्या होत्या तेव्हा.

*

सप्ताहाच्या तयारीसाठी कमिटीचे अध्यक्ष रंगनाथराव घरी आले तो दिवस मात्र हसण्यावारी गेला नाही.

ओसरीवर चहा झाला. रंगनाथराव मिशी पुसत म्हणाले, "शेवटच्या दिवसाचं, काल्याचं कीर्तन यंदा तुमचंच, ताई. त्यात वाद नाय. माणूस मावणार नाय मंडपात. फक्त मृदंगाचं जरा... आळंदीहून शिकून आलेला तो कैलास आहे. हात असा चालतो की बास. पण अण्णांना डावलून आम्ही कशाला काय करू? तुम्हीच सांगा."

अण्णा समोरच बसले होते. हसून म्हणाले, "विचारा, विचारा. घरचं सरकार काय म्हणतं बघू."

ताईंच्या मनात किती काय काय उठलं. अण्णांचे हात हल्ली कापतात हे आलं. द्रुत लयीत ते मागे पडतात हे आलं. दुसरा कुणी मागे असेल तर मला उभं राहता येईल का, हे आलं. रंगनाथरावांचा राग आला. कैलासचं वाजवणं एकदा ऐकलं होतं तेही आठवलं. हे सगळं एकमेकांवर आदळत असताना त्या थांबल्या.

आणि त्यांचा आवाज म्हणाला, "यांचे हात आता थकलेत. कापतात. कैलासला घ्या."

मग रंगनाथराव सुटका झाल्यासारखे म्हणाले, "तुम्हीच बोललात ते बरं झालं. आमच्या तोंडून कसं निघावं?"

अण्णा उठले. मृदंग खुंटीखाली नेऊन ठेवला, त्यावरची गवसणी दोनदा नीट केली आणि गोठ्याकडं निघून गेले.

ताई पाय ओढत त्यांच्यामागे गेल्या. गाईच्या पाठीवर हात ठेवून अण्णा उभे होते. ताईंनी तोंड उघडलं. शब्द जुळायच्या आत पेटी गोड आवाजात म्हणाली, "माझा तसा अर्थ नव्हता हो. मनाला लावून घेऊ नका. मला माफ करा."

अण्णांनी पाहिलं त्यांच्याकडं. रागानं पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

"काय पटकन आली गं माफी," ते म्हणाले. "गोदे, तू रुसलीस की एक शब्द काढायला तुला संध्याकाळ लागायची. त्या एका शब्दाची मी दिवसभर वाट बघायचो. आता मी कुणाशी बोलतोय तेच कळंना झालंय मला."

ताई काही म्हणणार, तर पेटी पुन्हा सुरू होणार. त्यांनी डाव्या हातानं पेटी मुठीत आवळली आणि गप्प उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची जुनी पाटी काढायला लावली. खडू धरला आणि लिहिलं, 'ते मी नाही बोलले.' लिहून झाल्यावर बराच वेळ त्या अक्षरांकडं बघत बसल्या. मग पदरानं पुसून टाकलं. कारण हात कापतात हे त्यांच्या मनात आलं होतं की नव्हतं? आलं होतं. मग बोललं कोण? हे कळल्याशिवाय अण्णांपुढं पाटी धरणं म्हणजे खोटी साक्ष देणं झालं असतं. देवाच्या दारात उभं राहून आयुष्यभर बोललेल्या बाईला ते जमेना.

*

"हे मला सांगा," ताई म्हणाल्या. "ते. माझं होतं. का यंत्राचं?"

पूर्ती 'कमी'वर टाकून तुटक तुटक बोललं की ती थोडी मागे राहायची.

समोर शाहीन तांबोळी बसल्या होत्या, इस्पितळात वाचासेतूचं काम बघणाऱ्या इंजिनिअर. संगमनेरच्या. त्यांच्या आजोबांचं पानाचं दुकान सप्ताहाच्या मंडपाला लागून होतं. लहानपणी टाळांच्या आवाजात त्या आजोबांच्या मांडीवर झोपून जायच्या. त्यामुळे ताई तपासणीला आल्या की त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहत.

शाहीननं पडद्यावर एक आलेख उघडला. लाल, निळ्या, हिरव्या रेषांची गर्दी.

"ताई, आपण बोलायच्या आधी मेंदूत एकाच वेळी तीन-चार वाक्यांची तालीम चाललेली असते. ओठ हलायच्याही आधी. त्यातलं एक पुढं येतं, बाकीची विरून जातात. आणि अगदी शेवटी एक वेगळा इशारा येतो. आम्ही त्याला 'सोड' म्हणतो. गोफण किती का फिरेना, दगड सुटतो तो बोट सैल केल्यावर. तुमची मूळ यंत्रणा त्या इशाऱ्याची वाट बघते. पूर्ती बघत नाही. थांबा जरा लांबला की ती समजते, पेशंट अडकला. मग तालमीतलं जे सगळ्यात ठळक असेल ते उचलते, त्याचं व्याकरण नीट करते आणि बोलून टाकते. बहुतेक पेशंट त्यासाठीच तिला दुवा देतात."

"म्हणजे. माझंच."

"तुमच्या मनातलंच होतं," शाहीन म्हणाल्या. "पण तुम्ही ते सोडलं नव्हतं."

ताईंनी डोळे मिटले. किती कीर्तनांतून त्यांनी हेच सांगितलं होतं! मन म्हणजे ओढ्याचं पाणी, त्यात गढूळही येणार. त्याला माणूस काय करणार? गाळून घ्यायचं ते जिभेच्या उंबऱ्यावर. देव मनात आलेल्याचा जाब विचारत नाही, उंबऱ्याबाहेर काय जाऊ दिलंस ते विचारतो. सांगताना सोपं वाटायचं. आता त्यांच्या घराचा उंबराच कुणी काढून नेला होता, आणि आतलं सगळं रस्त्यावर वाहत होतं.

"काढा तिला."

"ऐकून तर घ्या," शाहीन म्हणाल्या. "पूर्ती वरवर ठेवलेली असती तर मी आत्ता उचलून फेकली असती. कंपनीनं ती पार पायाच्या दगडांत चिणलीय. सारखे वाटणारे आवाज वेगळे करणं, शब्दांचा अंदाज, सगळं तिच्यातून जातं. ती गेली की एकेक शब्द तुम्हाला जोर लावून, नीट म्हणावा लागेल. ओठ मिटून म्हणायची प, ब, म अशी अक्षरं यंत्राला एकसारखीच दिसतात, तिथं ते खात्री होईपर्यंत गप्प बसेल. कीर्तनाचा ओघ तर विसराच. आणि काढताना खालची यंत्रणाच कोसळली तर पुन्हा ऑपरेशन. दुसऱ्यांदा मेंदू ही जाळी घेईलच, असं मी म्हणणार नाही."

"कंपनी काय म्हणते?" कोमलनं विचारलं.

"म्हणते, पूर्ती हा यंत्रणेचा अविभाज्य भाग आहे. पेशंटनं स्वतः मागितलं तर आम्ही काढू शकतो. पण त्यानंतर त्यांची जबाबदारी संपली."

बाहेर कँटीनमध्ये कोमलनं दोन चहा सांगितले. तिचा चहा तसाच निवत राहिला.

"आई, तू मुकी होतीस तेव्हा मी रोज बाथरूममध्ये जाऊन रडायचे. तुला माहीत नाही ते. पहिल्यांदा या पेटीतून 'कोमल' म्हणालीस ना, त्या दिवशी मी गावभर पेढे वाटले. आणि आता एका वाक्यासाठी तू ते सगळं पणाला लावणार? अण्णांचं काय, चार दिवस रुसतील. मी समजावते त्यांना. पण तुझा आवाज पुन्हा गेला तर मी कुणाला समजावू?"

ताईंना लेकीच्या गालावरून हात फिरवावासा वाटला. तिचं खोटं नव्हतं. त्यांनाही भीती वाटत होती. त्या क्षणभर थांबल्या.

"तुझं बरोबर आहे बाळा," पेटी मायेनं म्हणाली. "कशाला उगाच जोखीम? चल, घरी जाऊ आपण."

कोमलचा चेहरा उजळला. पर्स घेऊन ती उठलीसुद्धा. आणि मग तिनं आईकडं पाहिलं.

गोदाताई मान हलवत होत्या. नाही, नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डाव्या हातानं त्यांनी लेकीची ओढणी घट्ट पकडून ठेवली होती.

कोमल हळूच पुन्हा खाली बसली. किती तरी वेळ ती आईच्या गळ्याकडं आणि डोळ्यांकडं आळीपाळीनं बघत राहिली.

"कधीपासून असं होतंय?" तिनं विचारलं. आणि लगेच स्वतःच पेटीवर तळवा ठेवला. "नको. बोलू नकोस. चल, शाहीनताईंकडं जाऊ."

*

काढण्याचं काम शाहीननं सकाळी हाती घेतलं. चिरफाड नव्हती. ताई खुर्चीत बसून होत्या, कानामागे एक वायर. पडद्यावर शाहीन पूर्तीचे धागे एकेक करून सोडवत होत्या. एक सोडवला की खालची यंत्रणा शाबूत आहे ना ते बघायचं, मग पुढचा. भरलेल्या कणसात अळी शिरली की दाणे न सांडता ती काढावी, तसं.

मध्येच पडदा लाल झाला. शाहीननं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला आणि बोटं पुन्हा चालू लागली. कोमल भिंतीला पाठ लावून उभी होती.

"ताई, बोला काही तरी."

ताईंनी मनात 'राम' म्हटलं. काही आलं नाही. पुन्हा म्हटलं. पेटी थंडगार. त्यांना एकाएकी ते जुने दिवस आठवले, पाटी, खडू, लोकांच्या कीव करणाऱ्या नजरा. मग त्यांनी दम घेतला, आणि लहान मुलाला शिकवावं तसं, आधी जीभ, मग ओठ, असं सगळं मनात नीट मांडून म्हटलं.

"रा... म."

खरखरीत आवाज होता. पण आला.

आतापर्यंत त्यांनी 'राम' म्हणायचा अवकाश, पूर्ती 'कृष्ण हरी' म्हणून जप उरकून टाकायची. आज 'राम' नुसताच राहिला. त्याच्यापुढं कुणी काही जोडलं नाही. खोलीत शांतता पसरली, आणि ती शांतता आपली आहे, आपल्याला हवी तेवढी लांबवता येईल, हे ताईंच्या ध्यानात आलं. त्या तशाच बसून राहिल्या. नामानंतरची ती पोकळी किती भरलेली असते ते त्या विसरूनच गेल्या होत्या.

"ताई?" शाहीन घाबरून म्हणाल्या. "अडकलंय का?"

ताईंनी हसून मान हलवली. अडकलं नव्हतं.

*

घरी अण्णा अंगणात शेंगा निवडत बसले होते. कोमलनं त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी ते उठले नाहीत. ताई समोर पाटावर बसल्या.

"आलं... होतं."

अण्णांचे हात थांबले.

"म... मनात," ताई म्हणाल्या. 'म'ला फार वेळ लागला. "हात. थकलेत. आलं होतं."

यंत्रावर ढकलून देता आलं असतं. अण्णांनी मानलंही असतं, त्यांना मानायचंच होतं. ताईंच्या मागं उभी राहिलेली कोमल डोळे मोठे करून आईकडं बघत राहिली.

"आणि?" अण्णांनी विचारलं.

बराच वेळ गेला. कोंबडी शेंगांच्या ढिगाकडं आली, अण्णांनी तिला हाकललं. पुन्हा ताईंच्या तोंडाकडं बघू लागले.

"तुम्ही. नसलात. तर... मला... उभं. राहवत. नाही. तेही. आलं होतं. तिनं... ते... नाही... घेतलं."

अण्णांनी आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले.

"थकलेत ते," ते म्हणाले. "मला काय माहीत नाय? गेल्या साली एक तिहाई चुकली तेव्हाच कळलं. पण तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. आणि ऐकायचंच होतं, तर असं ऐकायचं होतं." त्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे ताईंच्या डाव्या हातावर ठेवले. "एवढं चार शब्द बोलायला अर्धा दिवस खाल्लास बाई."

"रु... रुसले... की... लागतो."

कोमलला हसू फुटलं. अण्णाही हसले.

"कैलासला वाजवू दे मृदंग," ते मग म्हणाले. "चांगला हात आहे त्याचा. मी टाळ घेऊन उभा राहतो तुझ्या मागं. पहिल्या रांगेत."

*

रंगनाथरावांनी काल्याचं कीर्तन दुसऱ्या महाराजांना दिलं. ताईंना त्यांनी आदल्या दिवशीची दुपार दिली, आणि तीही संकोचून. "ताई, लोकांना आता तुमच्या ओघाची सवय झालीय. बसतील का नाय, सांगता येत नाय."

बसले. काही उठूनही गेले, ते खोटं कशाला सांगू. पहिली काही वाक्यं फार जड गेली. पण ताईंनी वचन अर्धं सोडलं तेव्हा मागच्यांना आधी खरंच वाटेना. अण्णांनी पहिला आवाज लावला. मग दोन्ही रांगांनी ते असं काही उचललं की मंडपाबाहेर चहा पीत उभी असलेली माणसं कप घेऊनच आत आली. कैलासनं मान डोलावत थाप दिली. बाकीचं कीर्तन लोकांनीच केलं म्हणायला हरकत नाही. ताई बोट दाखवायच्या, वाट लोक चालायचे.

उत्तरार्धात ताईंनी एक साधा दृष्टांत घेतला. नवी सून. सगळ्या घरासाठी स्वयंपाक करते. भाजी चिरली, फोडणी दिली, वरण घोटलं, भात उतरवला. पानं वाढली. सासरा पहिला घास घेतो आणि थांबतो. "सगळं. घातलं. होतं. तिनं," ताई म्हणाल्या. "फक्त. एक. विसरली."

आणि त्या थांबल्या.

टाळकऱ्यांनी टाळ उचलले. ताई थांबल्या की उचलायचं, हे त्या दुपारी पुन्हा अंगात भिनलं होतं. पण अण्णांनी डावा हात आडवा धरला. त्यांना ताईंची पाठ दिसत होती. जागा सोडताना तिचे खांदे सैल पडतात. आता ते ताठ होते, मान किंचित पुढं. ही जागा लोकांसाठी सोडलेली नव्हती. गोदा शब्द शोधत होती.

टाळ खाली आले. कैलासनं मृदंगाच्या पुडीवर तळहात टेकवून नाद थांबवला.

शब्द काही अवघड नव्हता. मंडपातल्या शेवटच्या बाईलासुद्धा तो ठाऊक होता. रोज दोन वेळा चिमटीत धरते ती तो. रंगनाथरावांच्या ओठांवर आला होता, विणेकऱ्याच्या आला होता. एक चिमुरडी तर तोंड उघडून ओरडणारच होती, तिच्या आईनं पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. कोमलनं डोळे मिटून घेतले. एवढा मोठा जमाव, प्रत्येकाच्या तोंडात तोच एक शब्द, आणि कुणी म्हणून तो बाहेर जाऊ देईना.

ताईंनी ओठ मिटले. पुन्हा मिटले. अण्णा टाळ छातीशी धरून उभे होते, त्यांना कुठं जायची घाई नव्हती.

"मीठ," गोदाताई म्हणाल्या.